एमसीबी पडत नाही म्हणून निर्धास्त राहू नका: सीलिंगमधल्या १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल

तुमची पोस्ट वाचली: नवीन फॉल्स सीलिंग, ३०० व्हीएच्या (म्हणजे साधारण ३०० वॅटचा भार पेलणाऱ्या) एकाच ट्रान्सफॉर्मरवर ५० वॅटचे सहा हॅलोजन, शेवटचे दोन मंद, आणि संध्याकाळी दिवे लावल्यावर तासाभराने येणारा गरम वास. तुम्ही पुढे लिहिलंय, "एमसीबी पडत नाही, शिवाय १२च व्होल्ट आहेत, म्हणजे गंभीर काही नसावं." ते वाचलं आणि राहवलं नाही. नेमक्या याच समजुतीवर मी एकदा विसंबलो होतो. (एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच.)

आधीच सांगतो, मी वायरिंगची कामं करतो, पण तुमचं सीलिंग मी पाहिलेलं नाही आणि नियम जागोजागी वेगळे असतात. हे वाचून स्वतः शिडीवर चढू नका. परवानाधारक माणूस बोलवा, आणि काय बघायचं ते त्याला इथून वाचून दाखवा. सप्लाय बंद करून खात्री करणं वगैरे त्याला माहीत असतंच, ते लिहीत बसत नाही.

माझं काम एका इमारतीच्या लॉबीतलं होतं. दिवे तुमच्यासारखेच, सहा. ट्रान्सफॉर्मर हाताशी यावा म्हणून एका कोपऱ्यात ठेवला आणि तिथून दिव्यांपर्यंत दहा मीटर दीड स्क्वेअर एमएमची वायर ओढली. लाइटिंगला नेहमी हीच वायर वापरतो, मग इथे का नाही, असा माझा विचार. चूक इथेच झाली. ३०० वॅटला २३० व्होल्टवर साधारण १.३ अँपिअर लागतात, १२ व्होल्टवर तेच २५ होतात. वीज तेवढीच, पण वायरीला आणि जोडाला सोसावा लागतो तो करंट. दीड स्क्वेअरच्या तांब्याचा रोध (रेझिस्टन्स) मीटरला १२ मिलिओहम. दहा मीटर जायचे, दहा यायचे, म्हणजे पाव ओहमच्या आसपास. २५ अँपिअर पूर्ण गेले तर ६ व्होल्ट वाटेतच संपतात. प्रत्यक्षात व्होल्टेज घसरलं की करंटही थोडा उतरतो, आणि माझे दिवे वाटेवर विखुरलेले होते. तरी शेवटच्या दिव्यापाशी मीटर लावला तेव्हा जेमतेम साडेआठ व्होल्ट होते. उरलेले साडेतीन सीलिंगच्या आत उष्णता होऊन जात होते. तुमचे शेवटचे दोन दिवे मंद आहेत ते मला तरी याचंच लक्षण वाटतं. दिवे बदलून ते जाणार नाही.

आता एमसीबी. तो प्रायमरीवर, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला, ६ अँपिअरचा. सेकंडरीवर, म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूला, दुप्पट भार पडला, अगदी ५० अँपिअर वाहिले, तरी प्रायमरीवर तीनसुद्धा होत नाहीत. त्याला काही कळण्याचं कारणच नाही. सेकंडरीला मी स्वतंत्र फ्यूज दिला नव्हता. वायरीच्या ताकदीचा, १५ अँपिअरचा फ्यूज तिथे असता तर तो बहुधा उडाला असता आणि चूक मला फुकटात कळली असती. सगळ्यात महाग पडली ती ही गोष्ट.

त्यावर कडी म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळचा जोड मी पीळ मारून टेप गुंडाळून केला होता. जोडात ०.०५ ओहम रोध धरा. १.३ अँपिअरला तिथे एक दशांश वॅटही उष्णता होत नाही. २० अँपिअरला तोच जोड २० वॅटचा सोल्डरिंग आयर्न होतो. आणि असा ढिला जोड फ्यूजलाही दिसत नाही, म्हणून जोड मुळातच चांगला हवा: क्रिंप केलेला लग (वायरीच्या टोकावर दाबून घट्ट बसवलेली धातूची टोपी) किंवा त्या करंटचं टर्मिनल, आणि महिन्याभराने एकदा स्क्रू पुन्हा आवळणं. सीलिंग उघडलं तेव्हा टेप चुरा होऊन हातात आला, खालचं तांबं जांभळट काळं पडलं होतं, वायरीचं इन्सुलेशन बोटभर मागे आक्रसलं होतं. वर गुंडाळलेली ग्लासवूल तपकिरी झाली होती. तिच्या जागी लाकडाचा भुसा असता तर काय झालं असतं, हा विचार आजही पाठ सोडत नाही.

तेही उघडायला तीन आठवडे लागले. वासाची तक्रार रहिवाशांनी इमारतीच्या व्यवस्थापन कार्यालयात तीनदा नोंदवली होती. तिन्ही वेळा "१२ व्होल्ट, धोका नाही" असा शेरा मारून ती बंद केली. मी सीलिंग उघडायची परवानगी मागितली, तर नकाशात ट्रॅप डोअर (सीलिंगमधलं उघडता येणारं झाकण) दाखवलेलं नाही म्हणून फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. जळका वास येतोय आणि माणसं सही कोणाची हे ठरवतायत, याचा राग अजून गेलेला नाही. तुमच्याकडे असं कोणी म्हणालं तर लेखी घ्या. आणि ट्रॅप डोअर नसेल तर आधी ते करून घ्या. ज्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत हात पोचत नाही तो बसवूच नये, हे माझं ठाम मत आहे.

आज तेच काम करायचं झालं तर मी एक मोठा ट्रान्सफॉर्मर घेणारच नाही. दिव्यांजवळ ६० व्हीएचे छोटे, प्रत्येकाला ५ अँपिअर. २३० व्होल्ट तिथपर्यंत न्या, १२ व्होल्टचा प्रवास आखूड ठेवा. इलेक्ट्रॉनिक प्रकारचा असेल तर दिव्यापर्यंतची वायर साधारण दोन मीटरच्या आतच हवी. त्याचा आउटपुट हजारो हर्ट्झचा असतो, साधा मीटर तिथे खोटं वाचन देतो. ग्लासवूल त्याच्यावर कधीच नको, चारी बाजूंना हवा खेळू द्या. लेबलवर टीसी म्हणून ठिपका असतो, त्या ठिकाणचं तापमान छापलेल्या आकड्याच्या वर जाता कामा नये. आणि ट्रान्सफॉर्मर कोणताही असो, सेफ्टी आयसोलेटिंग प्रकारचा असावा; साध्या, लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरवर आयईसी ६१५५८-२-६ लिहिलेलं बघा. ऑटोट्रान्सफॉर्मर चुकूनही नको, त्यात दोन्ही बाजू एकमेकींना जोडलेल्या असतात, बिघाड झाला की दिव्यापाशी पूर्ण २३० पोचू शकतात. सेफ्टी आयसोलेटिंगची सेकंडरी अर्थिंगला जोडायची नसते, बरेच जण सवयीने करतात.

तुमचा टोरॉइडल, म्हणजे गोल कडीसारखा असेल तर मधल्या बोल्टची दोन्ही टोकं धातूच्या पेटीला टेकू देऊ नका. बोल्ट आणि पेटी मिळून एक शॉर्ट झालेला वेढा होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. असा ट्रान्सफॉर्मर चालू करताना एमसीबी पडला तर मोठा एमसीबी टाकू नका, तेवढ्याच अँपिअरचा सी कर्व्हचा, म्हणजे सुरुवातीचा क्षणिक झटका सोसणारा टाका.

एलईडी लावा, हा तुम्हाला कोणीतरी दिलेला सल्ला चुकीचा नाही. सहा वॅटचे सहा म्हणजे जेमतेम ३ अँपिअर, वायरीवरचा ताण जाईल. पण इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला किमान भार लागतो, तो मिळाला नाही तर दिवे लुकलुकतात. शिवाय भाजलेला जोड एलईडीने बरा होत नाही. आधी बोलावलेल्या माणसाकडून तो उघडून घ्या, काळी वायर निरोगी तांबं लागेपर्यंत कापून घ्या, मग दिव्यांचं ठरवा.

लेबलवरचं सगळं आणि वायरीची जाडी इथे लिहा, हिशोब करून देतो. तोवर नुसता स्विच नाही, त्या सर्किटचा एमसीबीच खाली करून ठेवा.