ई-गाडीचा धूर चंद्रपूरला निघतो का?

"वीज कोळशाचीच, मग ई-गाडीमुळे धूर पुण्यातून चंद्रपूरला हलला, एवढंच ना?" असं तुम्ही विचारलंय. मी ई-स्कूटर घेतली तेव्हा मेव्हण्यानं हेच ऐकवलं होतं, त्यामुळे हिशेब तयारच आहे.

पार्किंगमध्ये माझा वेगळा सबमीटर आहे. 100 किलोमीटरला त्यावर साधारण 3.2 युनिट पडतात. वाटेतली गळती धरली तर वीजकेंद्रात पावणेचारच्या आसपास तयार व्हावी लागतात. आपल्या ग्रिडची, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्याची, सरासरी युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे झाले 2.6 किलो. जुनी पेट्रोल स्कूटर 45 चं ॲव्हरेज द्यायची. लिटरमागे 2.3 किलो धरले तर तेवढ्याच अंतराला 5 किलोच्या वर. म्हणजे वीजकेंद्रांचं उत्सर्जन वाढतं हे खरंच, पण पेट्रोलचं त्याहून जास्त घटतं.

मात्र ही सरासरी जरा फसवी आहे. रात्री अकराला मी प्लग लावतो तेव्हा सूर्य नसतो. जादा वीज बहुतेक वेळा कोळशाचे संच थोडे चढवूनच येते. कोळशाच्या युनिटला जवळपास 1 किलो धरा. तरी स्कूटर पावणेचार किलोवरच थांबते. कारचं तसं नाही. 100 किलोमीटरला 16 युनिट खाणारी ई-कार निव्वळ कोळशावर 19 किलोच्या घरात जाते, आणि 15 चं ॲव्हरेज देणारी पेट्रोल कार 15 किलोच्या. बॅटरी बनवतानाचं उत्सर्जन तर मी धरलेलंही नाही. (मेव्हण्याकडे ई-कार आहे, हे सांगायचं राहिलंच.)

दुपारी चित्र उलटं असतं. सौर वीज भरपूर असते, पण कोळशाचे संच क्षमतेच्या साधारण 55 टक्क्यांच्या खाली सहज उतरवता येत नाहीत, म्हणून कधीकधी सौर प्रकल्पांनाच उत्पादन कमी करायला सांगतात. त्या वेळी गाडी लावली तर वाया जाणारी वीज कामी येते.

आणि चंद्रपूरचं म्हणाल, तर कार्बन डायऑक्साइड पुण्यात सुटो की तिथे, हवामानाला फरक पडत नाही. राखेचं तसं नाही. 2920 मेगावॉटच्या केंद्राची राख आणि धूळ तिथल्याच लोकांच्या वाट्याला येते. तेवढ्यापुरतं तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

मी हल्ली ऑफिसच्या पार्किंगमधला 15 अँपिअरचा सॉकेट मागून घेतलाय. डबा खायला खाली उतरलो की लावतो, चारच्या चहाला काढतो.