दर नंतर, आधी तास

बेळगाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र दोनदा वाचलं. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या शेडसाठी गॅस जनसेटचं (गॅसवर चालणाऱ्या जनरेटरचं) कोटेशन, छपरावरच्या ५० किलोवॉट सोलरचं कोटेशन, वीज कंपनी हेस्कॉमचं बिल आणि जुना डिझेल सेट असं सगळं मांडून ‘युनिट कुणाचं स्वस्त?’ म्हणून विचारलायस. प्रश्नच चुकलाय. वीज तुला कोणत्या तासाला पाहिजे? सकाळी अकराला, संध्याकाळी सातला, की करंट गेल्यावर? ही तीन वेगळी युनिटं आहेत आणि तिन्हींची किंमत वेगळी.

सोलर घे. एका किलोवॉटला दिवसाला चार युनिट म्हणतात ते वर्षाच्या सरासरीनं. जुलैत आपल्याकडे झड लागली की त्याच्या निम्म्यावरही भागवावं लागतं. आणि कोटेशनात नसतं ते ऐक. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर करंट गेला की स्वतःही बंद पडतो. लाइनवर चढलेल्या वायरमनचा जीव जाऊ नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. म्हणजे बाहेर लख्ख ऊन आणि आत सीएनसी यंत्रं गप्प. डिझेल सेटबरोबर चालवायचं तर मधे कंट्रोलर लागेल, सेटवर निदान ३० टक्के लोड ठेवावा लागेल, नाहीतर सोलरची वीज उलटी सेटमध्ये शिरते. दुसरी गोची पॉवर फॅक्टरची, म्हणजे ओढलेल्या विजेतल्या कामाच्या वाट्याची. सोलर किलोवॉट भरून काढतं, पण मोटारींना चुंबकत्वासाठी लागणारे किलोव्हार हेस्कॉमकडूनच येत राहतात. मीटरवर पहिले कमी, दुसरे तेवढेच. फॅक्टर घसरतो आणि बिलात दंड दिसतो. ते किलोव्हार जागेवरच पुरवणारं कपॅसिटर पॅनेल नव्यानं मोजून बसव.

आता गॅस. एका घनमीटरात साधारण ८,५०० किलोकॅलरी, एक युनिट म्हणजे ८६०. जवळजवळ दहा युनिटांची उष्णता झाली. तुझ्या मापाचं इंजिन त्यातलं ३५ टक्के विजेत आणतं, म्हणजे साडेतीन युनिट. उरलेलं सायलेन्सर आणि रेडिएटरमधून हवेत. गॅसच्या दराला साडेतीननं भाग, देखभाल घाल आणि हेस्कॉमशी ताडून बघ. दिवसपाळीला गॅस हरेल.

पण तुझं पावडर कोटिंगचं ओव्हन? २०० अंशांवर चालणारं, आज हीटरवर. त्याला चांगला बर्नर लावलास तर त्याच घनमीटरातून आठेक युनिटांइतकी उष्णता ओव्हनला मिळते. तोच वायू इंजिनात घालून, वीज करून, हीटरला दिलास तर साडेतीनच. गॅस घ्यायचाच तर ओव्हनला घे रे! सेट विकणारा हे सांगणार नाही, बर्नरमध्ये त्याला काय मिळणार?

तरी सेटच घ्यायचा असेल तर दोन गोष्टी लेखी घे. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे, हवा विरळ. या उंचीवर आणि एप्रिलच्या उन्हात किती किलोवॉट देणार ते विचार. पाटीवरचा आकडा वाचू नकोस. आणि गॅस इंजिन एकदम मोठा लोड उचलत नाही. तुझा २० एचपीचा कॉम्प्रेसर थेट चालू केलास तर तो सहापट करंट ओढतो, फ्रिक्वेन्सी बसते आणि सीएनसी ट्रिप होतात. मोटार हळूहळू चालू करणारा सॉफ्ट स्टार्टर आधी, सेट नंतर. गॅसच्या करारात किमान उचलीचं कलम असतं, तेही वाच: वापर नाही केलास तरी पैसे.

मोठा डिझेल सेट घ्या म्हणणाऱ्यांत मी होतो, हे तू आडून सुचवलंयस. होतो. तेव्हा करंट तास-तास नसायचा, आणि तासाचाच हिशेब मांडून तो घेतला. चुकलं ते माप. कमी लोडवर चालून चालून धुराड्यातून काळं तेल गळतं, ते त्यामुळं. दुरुस्तीवाल्याला दोष देऊ नकोस.

दुसरा प्रश्न, गॅस कोळशापेक्षा स्वच्छ तर देश तो का जाळत नाही. स्वच्छ आहेच, चांगल्या संयुक्त चक्राच्या (गॅस टर्बाइनच्या गरम धुरावर वाफेचं टर्बाइनही चालवणाऱ्या) केंद्रात युनिटमागचा कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या निम्म्यावर येतो, वाटेत मिथेन गळला नाही तर. पण वायू हातात हवा ना? दाभोळचं १,९६७ मेगावॉटचं गॅसवरचं केंद्र कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटल्यावर २०१३ मध्ये थंड पडलं, आणि त्याच वर्षी दाभोळ–बेंगळुरू गॅसवाहिनी आपल्या जिल्ह्यातून सुरू झाली! आयात वायूचा दर डॉलर आणि कच्च्या तेलाबरोबर हलतो. मग तिथंही तोच सवाल, कोणता तास? दुपारी तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडची २,०५० मेगावॉट सोलर चालू असताना गॅस जाळणं वेडेपणा. सूर्य कलला की गॅस टर्बाइन अर्ध्या तासात लोड घेतं. विजापूरकडच्या कुडगीतला ८०० मेगावॉटचा कोळशाचा संच थंड असेल तर कित्येक तास जातात. साखर कारखान्यांची बगॅसवरची, म्हणजे उसाच्या चिपाडावरची, वीज गाळप असेपर्यंत. गोकाकच्या धबधब्यावर १८८७ मध्ये टर्बाइन फिरलं, पण मे महिन्यात तिथं जाऊन पाणी बघ की.

रविवारी ये. बारा महिन्यांची बिलं आण, आणि एका आठवड्याचे दर तासाचे किलोवॉट वहीत उतरवून आण. ओव्हनचे वेगळे. त्याशिवाय कोटेशनं आणू नकोस.

बाबांना नमस्कार.

ता. क. गॅस सेट घेतलासच तर डिझेलचं उरलेलं इंजिन ऑइल त्यात ओतू नकोस. त्यातली राख व्हॉल्व्हवर आणि प्लगवर बसते. कमी राखेचं, गॅस इंजिनचंच ऑइल लागतं.