युद्धाची नुसती वाट बघत बसलेल्या सैनिकांवरचे चांगले चित्रपट कोणते? सैनिक खरंच इतके कंटाळतात का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की 'जारहेड' हा आखाती युद्धावरचा चित्रपट पाहिला, शेवटपर्यंत नायक शत्रूवर एक गोळीसुद्धा झाडत नाही आणि त्यामुळे फसवल्यासारखं वाटलं. नावं देतो. पण 'फसवल्यासारखं' हे वाचून माझं डोकं जरा तापलंय, तेव्हा आधी ते मोकळं करू द्या.

मी पायदळात होतो. लढाई पाहिली का, असं विचाराल तर नाही. आम्हाला सीमेवर नेऊन बसवलं, महिनोन् महिने बसवलं आणि एक दिवस परत आणलं. पलीकडचेही तसेच बसले होते, तेही परत गेले. माझ्या नोकरीतला 'युद्धा'च्या सगळ्यात जवळ जाणारा काळ तो एवढाच.

कंटाळतात का? हो. पण काम नसतं म्हणून कंटाळतात हा समज डोक्यातून काढून टाका. काम ढीगभर असतं. मोर्चा, म्हणजे आडोशाला बसायचा खड्डा, खणायचा, वाळू ढासळली की पुन्हा खणायचा. रायफल उघडायची, पुसायची, तेल लावायचं. तासाभरात त्याच तेलाला वाळू चिकटते, की पुन्हा उघडायची. पहाटे अंधारात स्टँड-टू. सगळे आपापल्या मोर्चात, तोंडातून शब्द नाही, नजर समोर. उजाडलं की स्टँड-डाउन. संध्याकाळी पुन्हा तेच. आज काही होणार नाही हे बहुतेक ठाऊक असतं, पण 'बहुतेक'वर झोप लागत नाही. भीती आणि कंटाळा एकाच वेळी अंगात असतात, आणि हे लोकांना सांगून पटत नाही.

लंगरगप, म्हणजे जेवणघरातल्या अफवा, तर विचारूच नका. आज रात्री निघणार, परवा नक्की, रजा उघडणार, रजा कायमची बंद. सुरुवातीला आम्ही विश्वास ठेवायचो. नंतर कोण किती मोठी थाप आणतो, याच्या पैजा लागायला लागल्या.

आमच्या सेक्शनमध्ये, म्हणजे छोट्या तुकडीत, पत्त्यांचा एकच कॅट होता. त्यातला बदाम गुलाम हरवला, म्हणून सिगारेटच्या पाकिटाचा तुकडा कापून त्यावर पेनाने गुलाम काढला. अर्थात पाठीमागूनही तो ओळखू यायचा. तो कोणाच्या हातात आहे हे सगळ्यांना दिसायचं, आणि सगळे तो दिसत नसल्यासारखे खेळायचे. एक नवीन पोरगा आला. पहिल्याच डावात म्हणाला, "अरे, हा तर दिसतोय की!" दोन दिवस त्याच्याशी कोणी धड बोललं नाही.

आणि मग ती एक रात्र. हुकूम आला. या वेळी खरा. तंबू उतरले, जाळ्या गुंडाळल्या, गोळ्यांच्या पेट्या गाड्यांवर चढल्या. घरी द्यायचं पत्र ज्याने त्याने लिहून सुभेदारसाहेबांकडे दिलं. ते पत्र कोणत्या प्रसंगी घरी पोचवायचं असतं, हे वेगळं सांगायला नको. पिट्ठू, म्हणजे पाठीवरची पिशवी, मांडीवर घेऊन रात्रभर गाडीत बसलो. इंजिन मध्येच चालू व्हायचं, पुन्हा बंद व्हायचं. पहाटेला हुकूम आला: उतरा.

सुटलो, असं वाटायला हवं होतं ना? कोणालाच वाटलं नाही. माझा बडी, म्हणजे जोडीदार, सामानाच्या दोराची गाठ सोडत होता. ती सुटेना, तेव्हा त्याने संगीन काढून दोर कापून टाकला. सरकारी दोर. त्याबद्दल त्याला शिक्षा झाली आणि शिक्षा भोगताना तो आमच्यापेक्षा बरा दिसत होता, कारण त्याच्या बाबतीत निदान काहीतरी घडलं होतं. पत्रं ज्याची त्याला परत मिळाली. तू काय लिहिलं होतंस, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

हे सगळं इतकं लांबण लावून का सांगतोय? तर पुढे काही वर्षांनी माझा मेहुणा 'जारहेड'ची सीडी घेऊन घरी आला. "दाजी, तुमच्या आवडीचा पिच्चर आणलाय, युद्धाचा." अर्ध्या तासात तो बटण दाबून पुढे पळवायला लागला. शेवटी म्हणाला, "यात तर काहीच झालं नाही. तुमच्यासारखंच." सगळे हसले. मीही हसलो असेन. पण तो वाद आमच्यात अजून चालू आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला डोळ्यांसमोर ठेवूनच लिहितोय, हे आत्ताच सांगून टाकतो.

आता त्याने काय काय पळवलं ते बघा. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं, अमेरिकेने सौदीच्या वाळवंटात फौज आणून बसवली. विमानांचे हल्ले सुरू झाले १७ जानेवारी १९९१ ला. जमिनीवरची चढाई २४ फेब्रुवारीला, आणि ती १०० तासांत आटोपली. म्हणजे पाच-सहा महिने वाट बघणं आणि चार दिवस लढाई. अँथनी स्वॉफर्ड तिथे अमेरिकेच्या मरीन दलात स्नायपर, म्हणजे लांबून अचूक नेम धरणारा बंदूकधारी, होता. त्याने त्यावर २००३ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यावरून सॅम मेंडेसने २००५ मध्ये चित्रपट केला. त्या चार दिवसांचा सिनेमा कोणीही काढला असता. मेंडेसने महिन्यांचा काढला, आणि तेच बरोबर आहे.

वार्ताहर आलेत म्हणून रासायनिक हल्ल्याचे जाडजूड पोशाख आणि मुखवटे घालून त्या उन्हात फुटबॉल खेळायला लावतात, तो प्रसंग मेहुण्याने पळवला. साहेब बघायला आले की सैनिकाचं काय होतं, याचं इतकं खरं चित्रण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. विंचवांच्या झुंजी पळवल्या. बेइमान निघालेल्या बायका-मैत्रिणींचे फोटो लावलेला फलक पळवला. संडासाच्या पिंपांतली घाण डिझेल ओतून जाळायची शिक्षा मात्र आवडीने बघितली.

आणि तो टॉवरचा प्रसंग. स्वॉफर्ड आणि त्याचा जोडीदार ट्रॉय यांना अखेर लक्ष्य मिळतं, समोर इराकी अधिकारी, रायफल रोखलेली, परवानगी आलेली. तेवढ्यात एक मेजर आत येतो आणि सांगतो, राहू द्या, विमानं बोलावलीत. ट्रॉय आधी विनवतो, मग अक्षरशः कोसळतो. इथे मेहुणा हसला. "एवढं रडायला काय झालं? त्यांना गोळी लागली का?" मला तो कापलेला दोर आठवत होता. ट्रॉय रडतो ते एक माणूस मारायला मिळाला नाही म्हणून, आणि यात कौतुकाचं काही नाही. प्रसंग भयंकर आहे. महिनोन् महिने धार लावलेला माणूस आतून कसा होतो, ते तिथे दिसतं. देशभक्तीच्या गाण्यात हे बसत नाही, म्हणून ते सहसा कोणी दाखवत नाही.

त्याच चित्रपटात मरीन लोक 'अपोकॅलिप्स नाऊ' या व्हिएतनाम युद्धावरच्या चित्रपटातला हेलिकॉप्टर हल्ला बघत आरडाओरडा करून नाचतात. युद्धाच्या विरोधात काढलेला चित्रपट, आणि निघायला उतावीळ झालेल्या पोरांना त्याने चेव येतो! गंमत म्हणजे 'जारहेड'चा संकलक वॉल्टर मर्च हा 'अपोकॅलिप्स नाऊ'च्याही संकलकांपैकी एक. आणि त्या १९७९ च्या चित्रपटाची सुरुवात आठवा: सायगॉनच्या हॉटेलात पंख्याकडे बघत पडलेला कॅप्टन विलर्ड, कामगिरीची वाट बघून वेडापिसा झालेला. लोकांना हेलिकॉप्टरं लक्षात राहतात, ती खोली राहत नाही.

बाकीचे चित्रपट. इथे मी भराभर जातो.

'डास बूट' (१९८१, वोल्फगांग पीटरसन). दुसरं महायुद्ध, जर्मन पाणबुडी, उत्तर अटलांटिक. शिकारच सापडत नाही, मग वादळ, मग बुरशी आलेला पाव. पन्नासएक माणसं आणि वापरायला एक संडास, कारण दुसऱ्यात खाण्याचं सामान भरलेलं. मूळ कादंबरीचा लेखक बुखहाइम १९४१ मध्ये युद्धवार्ताहर म्हणून खरोखर त्या पाणबुडीवर गेला होता. कंटाळ्यामुळे स्फोटांचा आवाज मोठा कसा होतो, ते इथे कळतं.

'द डेझर्ट ऑफ द टार्टर्स' (१९७६, वालेरिओ झुर्लिनी). ड्रोगो नावाचा तरुण लेफ्टनंट सरहद्दीवरच्या किल्ल्यात येतो. शत्रू येणार, येणार म्हणत आयुष्य सरतं. शेवट सांगून टाकतो, त्याने काही बिघडत नाही: शत्रू येतो, पण तोवर ड्रोगो आजारी असतो आणि त्याला गाडीत घालून परत पाठवतात. मूळ कादंबरी दिनो बुझ्झातीची, १९४० ची. ती त्याला सुचली मिलानच्या वर्तमानपत्रात रात्रपाळ्या करताना. चित्रीकरण झालं इराणमधल्या बमच्या मातीच्या किल्ल्यात, जो २००३ च्या भूकंपात जवळपास भुईसपाट झाला. यादीतला माझा सगळ्यात आवडता हाच, आणि सगळ्यात संथही.

'जर्नीज एंड' (२०१७, सॉल डिब). पहिलं महायुद्ध, मार्च १९१८, ब्रिटिशांचा खंदक. जर्मन हल्ला या एक-दोन दिवसांत होणार, हे सगळ्यांना माहीत आहे. मूळ नाटक आर. सी. शेरिफचं, तो स्वतः त्या खंदकांत राहिलेला. नाटकात अधिकारी मिरपूड आली नाही म्हणून केवढा वाद घालतात! ज्याने लिहिलं तो तिथे होता, हे त्या मिरपुडीवरून कळतं.

'बोफोर्ट' (२००७, जोसेफ सीडर). २००० मध्ये लेबनॉनमधून माघार घ्यायची ठरलेली आहे, आणि तोवर किल्ला सांभाळत बसलेली इस्रायली पोरं. शत्रू एकदाही दिसत नाही, फक्त तोफगोळे येतात. सोडूनच द्यायची असलेली जागा राखताना माणूस मेला, तर त्याच्या आईला काय सांगायचं?

'बो त्राव्हाय' (१९९९, क्लेअर डेनिस). आफ्रिकेतल्या जिबूतीत फ्रेंच फॉरेन लीजन, म्हणजे परदेशी लोकांना भरती करणारं फ्रान्सचं दल. युद्ध नाहीच. कवायत, आणि कपड्यांना इस्त्री. मेहुण्याला हा दाखवायची माझी हिंमत नाही.

खरं फुटेज हवं असेल तर 'रेस्ट्रेपो' (२०१०). अफगाणिस्तानातल्या कोरेंगल खोऱ्यातली अमेरिकन चौकी. गोळीबार भरपूर आहे, पण दोन गोळीबारांच्या मधली पोरांची कुस्ती, नाच आणि टिवल्याबावल्या नीट बघा.

हिंदी युद्धपटांबद्दल विचाराल, तर तिथे वाट बघणं एका गाण्यात उरकतात. 'बॉर्डर'मधलं पत्रांचं गाणं ऐकून मीही रडलोय, नाकारत नाही. पण गाणंभर रडून झालं की रणगाडे येतात. आमचे आले नाहीत.

आता मेहुण्याचा मुख्य मुद्दा. त्याचं म्हणणं, लढाई झाली नाही म्हणजे ती नोकरी झाली, पगार घेतलात, विषय संपला. हा माणूस आयुष्यभर विमा विकत आला. 'वर्षभर काहीच झालं नाही, माझा हप्ता परत द्या' म्हणणाऱ्या ग्राहकाला तो काय उत्तर देतो? तेच त्याने आरशासमोर उभं राहून एकदा म्हणावं. आम्ही बसलो होतो म्हणूनच पलीकडचे उठले नाहीत, हे मी सिद्ध करू शकत नाही. तोही उलटं सिद्ध करू शकत नाही. पण हसायचा हक्क त्याला कोणी दिला?

दोन-तीन गोष्टी राहिल्या. प्रत्यक्ष चकमकीत गेलेल्या माझ्या ओळखीच्या लोकांना हे चित्रपट आवडतातच असं नाही. एक जण 'डास बूट' निम्म्यात सोडून उठला, आणि ते कंटाळून नव्हे. त्यामुळे मी वर लिहिलंय ते सगळ्या सैनिकांच्या वतीने धरू नका. ते लढाई न झालेल्याचं मत आहे. 'जारहेड'मध्ये शिव्या आणि नागडेपणा भरपूर आहे, घरातल्या सगळ्यांसोबत लावू नका. 'रेस्ट्रेपो'मध्ये खरी माणसं मरतात आणि त्यांचे मित्र ते कॅमेऱ्यासमोर सोसतात, झोपायच्या आधी तो नको.

'जारहेड' पुन्हा बघणार असाल तर फुटबॉलचा प्रसंग पळवू नका, एवढीच विनंती. आणि 'डास बूट' जर्मनमध्येच बघा, खाली अक्षरं लावून. १९९७ मध्ये पीटरसनने स्वतः केलेली साडेतीन तासांची आवृत्ती मिळते. मूळची अडीच तासांची आहे, पण त्यात वाट बघणं कमी पडतं.