दोन डॉलर टिप ठेवली, काय चुकलं?

प्रश्न: मुलाकडे ह्यूस्टनला आलोय. परवा हॉटेलात ४० डॉलर बिल झालं, आम्ही २ डॉलर ठेवले तर वेट्रेसचा चेहराच पडला. असं का?

उत्तर: काका, तुम्ही मुद्दाम नाही केलंत, पण तिला ते लागलं असणार. टेक्सासमध्ये वेटरला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी कायद्यात बसतं, १९९१ पासून हा आकडा हललेला नाही, घर चालतं ते टिपवरच. म्हणून बसून जेवलात की १८-२० टक्के, म्हणजे तुमच्या बिलावर ७-८ डॉलर तरी धरूनच चालायचं, फक्त बिलात आधीच 'ग्रॅच्युइटी', म्हणजे टिपच, लावलीय का ते बघा, मोठ्या ग्रुपला लावतात. आणि चुटकी वाजवून हाक मारणं अजिबात नको, मला स्वतःला ते बघवत नाही. जपानला गेलात तर मात्र उलटं, तिथे टेबलावर पैसे ठेवलेत तर विसरलात समजून परत द्यायला मागे धावत येतील.