माळ्याचे पैसे किती मोजायचे?

प्रश्न : मुलाला आता पुण्याची नोकरी घरूनच करायला मिळतेय, म्हणून तो बेळगावला परत येतोय. शहापुरात मागांची एक जुनी शेड होती, ती दुरुस्त करून आत सहा घरं काढली आहेत. त्यातलं एक त्याला फार आवडलंय. उंच छत, उघड्या विटा, छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या आणि अर्ध्या खोलीवर लाकडी मजला. बिल्डर त्याला ‘लॉफ्ट’ म्हणतो. खाली ७८० चौरस फूट, वर २४०, आणि पैसे मागतो १०२० फुटांचे. माझे गुडघे दुखतात. यजमान म्हणतात, हा कारखानाच वाटतो. घ्यावं का?
— एक वाचक, वडगाव

उत्तर : ताई, यजमानांना कारखाना वाटतो कारण तो कारखानाच आहे. मी वडगावातच वाढलो, मागांच्या खटखटीत झोपलेला माणूस. माग बंद पडले की जाग यायची. त्यामुळे अशा शेडमध्ये कोणी राहायला जातंय म्हटलं की मला आनंदच होतो. पण ‘लॉफ्ट’ म्हणजे आपला माळाच. आजी त्यावर कांदे आणि जोंधळ्याची पोती ठेवायची, त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले नव्हते.

म्हणून पहिला प्रश्न त्या २४० फुटांचा. मंजूर नकाशा मागा आणि त्यात माळा काढलाय का ते बघा. नसेल तर तुम्ही मोठ्या कपाटाच्या डोक्याचे पैसे देताय. असला, तरी खालच्या जमिनीचा दर त्याला लावू देऊ नका. टेप घेऊन जा. वर पंखा लावून मुलाला ताठ उभं राहता आलं पाहिजे आणि खाली डोक्याशी तुळई येता कामा नये. गरम हवा वर चढते, तेव्हा एप्रिलमधल्या दुपारी दोन वाजता त्याच माळ्यावर लॅपटॉप उघडून अर्धा तास बसायला सांगा त्याला. जिना तुमच्या गुडघ्यांचा नाही, हे तुम्हालाच कळलंय. खाली एक झोपायची खोली आणि संडास-बाथरूम नसेल तर विषय तिथंच मिटला.

छताला करवतीसारखे दाते असतील तर काचा कुठल्या बाजूला आहेत ते बघा. उत्तरेला असतील तर बांधणाऱ्याला अक्कल होती. सुताचा रंग दिवसभर एकसारखा दिसावा, तुटलेला धागा सापडावा, म्हणून उजेड उत्तरेचा घ्यायचा आणि ऊन बाहेर ठेवायचं. मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मात्र भर दुपारी सूर्य आपल्याही उत्तरेला सरकतो, तेवढे दिवस पडदे लागतील.

छत सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर जुन्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चला. त्याला भोकं पाडणं, घासणं, कापणं नको. आणि साधा लोखंडी पत्रा असेल तर माझा अनुभव ऐका. उद्यमबागेत एका जुन्या शेडमध्ये मी तीन वर्षं ऑफिस थाटलं होतं. जूनमध्ये पाऊस लागला की फोनवर समोरचा काय बोलतोय ते ऐकूच यायचं नाही. शेवटी गिऱ्हाइकांना सांगायचो, पाऊस थांबला की करतो फोन. तुमचा मुलगा दिवसभर मीटिंगा घेणार ना?

कागद. बुडाच्या, म्हणजे बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाच्या, आराखड्यात ती जागा औद्योगिक आहे की रहिवासी, आणि वापर बदलून घेतला असेल तर त्याचा हुकूम कुठे आहे? हे सगळ्यांत आधी. ई.सी., म्हणजे मिळकतीवरच्या बोजांचा दाखला, तीस वर्षांची काढा, कारण मागांसाठी बँकेकडे शेड गहाण टाकणं आपल्याकडे सर्रास होतं. प्रत्येक घराचा ई-खाता, म्हणजे मालमत्तेचा ऑनलाइन उतारा, वेगळा हवा. कारखान्याचं वीज कनेक्शन घरगुती करून घेतलंय का, हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, जुनी बाकी आहे का, हेही विचारा. घरं सहाच आहेत, म्हणजे आठपर्यंत घरांच्या प्रकल्पाला रेराची, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी सक्तीची नसते, हे बिल्डरला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. त्यामुळे तक्रार घेऊन कुठे जाता येईल हे तुमच्या वकिलाला सही करण्याआधी विचारा. खरेदीखत कानडीत येईल. १९५६ पूर्वीचं एखादं खत मराठीत, क्वचित मोडीतही सापडेल. दोन्ही वाचणारा वकील शोधा. नुसतं ‘सगळं बरोबर आहे’ म्हणणारा नको.

भिंतींचं म्हणाल तर वर्षानुवर्षं माग हादरलेल्या भिंतीला बारीक तडे असतातच. उघड्या विटा दिसायला छान, पण चुन्याचा सांधा बोटानं खरवडला आणि भुगा पडला तर इंजिनिअरला बोलवा. जमिनीत मागांचे बोल्ट कापलेल्या खुणा दिसतील, त्या राहू देत. मला तरी त्या टाईल्सपेक्षा आवडतात.

आणि एक करा, घर बघायला जुलैच्या मध्यात जा, पाऊस झोडपत असताना. छत्री घेऊन आत शिरा आणि लगेच मिटू नका. पाच मिनिटं कैचीखाली उभ्या राहा, मग कुठे ठिपकतंय ते मला कळवा.