उलटा चावा, आठ वर्षांचा मुलगा आणि वडिलांची घाई

‘आत्ताच उपचार सुरू करावेत, की सगळे कायमचे दात येईपर्यंत थांबावे?’ मुलाचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात, म्हणजे त्याचा चावा उलटा आहे, हे ज्यांच्या लक्षात आले आहे, असे बहुतेक पालक मला हाच प्रश्न विचारतात. मी दंतोपचार घेणाऱ्या मुलांबरोबर आणि त्यांच्या कुटुंबांबरोबर समुपदेशक म्हणून काम करते. दाताजबड्याचे निदान ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दातांची आणि जबड्यांची ठेवण सुधारणारे दंतवैद्य, करतात. त्यानंतर घरात जो गोंधळ, जो वाद आणि जी भीती उरते, ती माझ्याकडे येते. येथे सांगत असलेला अनुभव एका कुटुंबाच्या परवानगीने लिहीत आहे आणि त्यांची ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

मुलगा आठ वर्षांचा होता. वरचे चारही पटाशीचे दात नुकतेच पूर्ण उगवले होते आणि तोंड मिटले की ते खालच्या दातांच्या मागे जाऊन बसत. वडिलांचा जबडाही तसाच होता. शाळकरी वयात त्यांना त्यावरून एक टोपणनाव पडले होते, जे त्यांनी मला तिसऱ्या भेटीपर्यंत सांगितले नाही. मात्र बोलताना आणि हसताना त्यांचा हात आपोआप तोंडाकडे जात असे, हे मी पहिल्याच दिवशी पाहिले होते. त्यांना उपचार त्याच आठवड्यात सुरू करायचे होते. आईचे म्हणणे नेमके उलट होते. जबडा अठराव्या वर्षापर्यंत वाढतच राहतो, आज केलेले उद्या पुसले जाईल आणि शेवटी शस्त्रक्रियाच करावी लागेल, तर मुलाला दोनदा का छळायचे, असे त्या विचारत होत्या. शिवाय लहानपणी तो फार दिवस अंगठा चोखत होता, ती सवय आपण वेळीच मोडली नाही, ही बोचणी त्यांच्या मनात होती. ही बोचणी मात्र मी तिथल्या तिथे दूर करू शकले. अंगठा चोखण्याने सहसा वरचे दात पुढे येतात, म्हणजे या मुलाच्या बाबतीत जे झाले होते त्याच्या उलट. पुढे आलेला खालचा जबडा पुष्कळदा आनुवंशिक असतो. युरोपातील हॅब्सबर्ग राजघराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या चित्रांत तो दिसतो आणि स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स (१६६१–१७००) याच्यात तो विशेष ठळक होता. एखाद्या सवयीमुळे किंवा आईच्या दुर्लक्षामुळे असा जबडा घडत नाही.

आई आणि वडील दोघेही अर्धे बरोबर होते, आणि म्हणूनच त्यांचा वाद संपत नव्हता. उत्तर वयावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते नेमके काय चुकले आहे यावर अवलंबून असते. काही मुलांत जबडे ठीक असतात, फक्त एखाददुसरा वरचा दात आत झुकून उगवलेला असतो. तो तसाच राहिला तर समोरच्या खालच्या दाताची हिरडी खाली सरकू शकते आणि दोन्ही दातांच्या कडा झिजतात. तेथे काढघाल करता येणारी स्प्रिंगची साधी प्लेट काही महिन्यांत काम करते आणि थांबण्यात काहीच शहाणपण नसते. काही मुलांत चावताना पटाशीचे दात कडेला कड आदळतात आणि ती टक्कर चुकवण्यासाठी मूल जबडा पुढे सरकवून मिटते. अशा मुलाचा जबडा डॉक्टरांनी अलगद मागे नेऊन मिटवला, तर दात जवळजवळ जुळतात. आणि काही मुलांत खरोखरच हाडांचा फरक असतो: वरचा जबडा मागे राहिलेला, किंवा खालचा जास्त वाढलेला, किंवा थोडे थोडे दोन्ही. पालक ‘जबडा पुढे आला आहे’ असे म्हणतात, तेव्हा अनेकदा प्रत्यक्षात वरचाच मागे राहिलेला असतो, आणि जबड्यावरच्या लवकर उपचारांचा खरा उपयोग याच मुलांना होतो.

हा आठ वर्षांचा मुलगा या तिसऱ्या गटातला होता. बाजूने घेतलेल्या डोक्याच्या एक्स-रेमध्ये वरचा जबडा मागे असल्याचे स्पष्ट दिसले. डॉक्टरांनी सुचवलेला उपचार असा होता: टाळूत बसवायची, किल्लीने थोडी थोडी रुंद करायची प्लेट, आणि तिच्या हुकांना रबरांनी जोडलेला, कपाळ आणि हनुवटी यांच्यावर टेकणारा फेस मास्क. तो दिवसाचे बारा ते चौदा तास, साधारण वर्षभराच्या आत-बाहेर घालावा लागतो. वरच्या जबड्याला चेहऱ्याच्या इतर हाडांशी जोडणाऱ्या शिवणी लहान वयात पुरत्या घट्ट झालेल्या नसतात, म्हणून त्या वयात जबडा पुढे ओढता येतो. साधारण दहाव्या वर्षानंतर हाच मास्क हाडापेक्षा दातच अधिक हलवू लागतो. घाईचे वैद्यकीय कारण एवढेच आहे. आईने विचारले, ‘मग खालचाच जबडा मागे दाबून ठेवता येणार नाही का?’ हनुवटीवर घालायची टोपी त्यासाठी दीर्घकाळ वापरली गेली आहे, परंतु वाढीचा जोर पुन्हा आला की तिचा परिणाम बहुतांशी टिकत नाही, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले.

राहिला प्रश्न खात्रीचा. तेथे मी ब्रिटनमधील एका अभ्यासाचे आकडे समोर ठेवले, कारण गोड बोलण्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडतात. सात ते नऊ वर्षांच्या ७३ मुलांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून फेस मास्क दिला आणि बाकीच्यांना दिला नाही. सहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले: मास्क न मिळालेल्या मुलांपैकी ६६ टक्क्यांना पुढे जबड्याच्या शस्त्रक्रियेची गरज पडेल असे तज्ज्ञांचे मत पडले, तर मास्क मिळालेल्यांत हे प्रमाण ३६ टक्के होते. आईने आकडा ऐकून म्हटले, ‘म्हणजे तिघांत एकाला तरीही लागणारच.’ वडील म्हणाले, ‘म्हणजे निम्मे वाचतात.’ दोघांचेही गणित खरे होते. पण निर्णयासाठी जी जमीन हवी होती ती या दोन वाक्यांच्या मध्ये तयार झाली, आणि उपचार सुरू करायचे ठरले.

यानंतर मी जी चूक केली तिच्यासाठीच हा अनुभव लिहावासा वाटला. मुलाने मास्क घालावा म्हणून मी त्याच्याशी एकटीने बोलले आणि म्हणाले की हा घातलास तर मोठेपणी तुला कुणी चिडवणार नाही. मला ते वाक्य दिलासा देणारे वाटले होते. पंधरा दिवसांनी, मास्क घातल्याचे तास नोंदवायच्या तक्त्यावर दिवसाला जेमतेम चार तास भरत होते, आणि आईने हळूच सांगितले की तो आता फोटो काढताना मान वळवतो आणि हसताना तोंडावर हात धरतो. वडिलांसारखाच हात. पहिल्या भेटीची माझी टिपणे काढून पाहिली. त्यात मी स्वतःच लिहिले होते: ‘मुलाची स्वतःची काहीही तक्रार नाही. भरपूर बोलतो.’ ज्या मुलाला आपल्या चेहऱ्याबद्दल काहीच वाटत नव्हते, त्याला आम्ही मोठ्यांनी मिळून एक लाज दिली होती आणि वर तिच्यावरचे औषध म्हणून मास्क पुढे केला होता. घरी तो मास्क काढून ठेवी तेव्हा वडील म्हणत, ‘माझ्यासारखे व्हायचे आहे का तुला?’ हे वाक्य एका मुलाला किती बाजूंनी लागते, याचा त्यांनी विचार केलेला नव्हता, आणि खरे तर माझे वाक्यही त्याच जातीचे होते.

त्याच ब्रिटिश अभ्यासातली दुसरी बाजू तेव्हा मला नीट उमगली. लवकर उपचार घेतलेल्या मुलांचा आत्मसन्मान न घेतलेल्यांपेक्षा लक्षणीय वाढलेला आढळला नव्हता. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे मन त्याच्या जबड्याच्या ठेवणीवर तितकेसे टेकलेले नसते. ज्याला खरोखरच चिडवले जात असेल त्याचे दुःख वेगळे आणि त्याकडे वेगळे लक्ष द्यायला हवे. पण ते नसताना, मुलाने ऐकावे म्हणून ते निर्माण करणे ही इजा आहे.

वडिलांना मी एकट्यांना बोलावले. त्या भेटीत त्यांनी ते टोपणनाव सांगितले आणि बराच वेळ गप्प बसले. मी त्यांना एवढेच विचारले, ‘तुमच्या मुलाने तुमच्या चेहऱ्याबद्दल कधी काही म्हटले आहे का?’ ते म्हणाले, ‘नाही. लहान असताना तो माझी हनुवटी धरूनच झोपायचा.’ मुलासमोर स्वतःच्या चेहऱ्याबद्दल वाईट बोलायचे नाही, एवढी एकच गोष्ट आम्ही त्या दिवशी ठरवली.

मग मुलाशी पुन्हा बोलणे झाले. या वेळी मी आधी त्याची क्षमा मागितली. कुणी चिडवेल असे मी म्हणायला नको होते, ते चुकले, असे स्पष्ट सांगितले. नंतर कवटीचा नमुना टेबलावर ठेवून हाडांच्या शिवणींवरून त्याचे बोट फिरवून त्या दाखवल्या. वरचे हाड जरा मागे राहिले आहे, या शिवणी अजून घट्ट झालेल्या नाहीत, म्हणून रबर त्याला पुढे यायला मदत करते. त्याने विचारले, ‘ताई, मी झोपलो तरी रबर ओढत राहते?’ हो म्हटल्यावर त्याचा पुढचा प्रश्न होता की मग शाळेत कशाला घालायचा. डॉक्टरांनीही शाळेत घालण्याची अट घातलेली नव्हती. ती वडिलांची होती, तास वाढावेत म्हणून. संध्याकाळी खेळून आल्यावर सातला मास्क घालायचा आणि सकाळी आठला काढायचा, हे वेळापत्रक मुलाने स्वतः मांडले. तेरा तास झाले. तक्ता रंगवण्याचे काम आईकडून त्याच्याकडे गेले. हनुवटीखाली कातडी लाल होत होती, ही खरी अडचणही तेव्हाच बाहेर आली. ती त्याने आधी सांगितलीच नव्हती, कारण सांगितले तर तो बहाणा ठरेल असे त्याला वाटत होते. डॉक्टरांनी मास्कचे टेकू नीट केले, आत मऊ अस्तर लावले आणि आठवडाभरात लाली गेली.

बाकीचे महिने विशेष सांगण्यासारखे नाहीत. काही रात्री बुडाल्या, रबरांची एक पिशवी हरवली. दहाव्या महिन्यात वरचे दात खालच्यांच्या चांगले पुढे आले होते. डॉक्टरांनी ते मुद्दाम गरजेपेक्षा थोडे अधिक पुढे आणले, कारण पुढच्या वाढीत त्यातले काही परत जाणार हे गृहीत धरलेले असते. मास्क थांबला.

शेवटच्या भेटीत वडिलांचा स्वर मात्र उतरला होता, कारण वयात येतानाची जोरदार वाढ अजून बाकी आहे आणि खालचा जबडा पुन्हा पुढे गेला तर वाढ पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल, हे डॉक्टरांनी पुन्हा सांगितले होते. ‘तसे झाले तर हे सगळे वाया गेले म्हणायचे का?’ असे त्यांनी विचारले. मी त्यांना सांगितले की मधली सगळी वर्षे मुलाचे पुढचे दात एकमेकांना न झिजवता नीट चावतील, शस्त्रक्रिया टळण्याची शक्यता वाढली आहे, आणि ती लागलीच तर तो निर्णय तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण स्वतःसाठी घेईल. मुलगा शेजारी बसून सगळे ऐकत होता. पुढची तपासणी सहा महिन्यांनी होती. तारीख त्याने वडिलांच्या फोनमध्ये स्वतः टाकली आणि नावाच्या जागी लिहिले, ‘शिवणी बघणे’. वडील ते वाचून हसले. त्यांचा हात तोंडाकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि मुलाच्या खांद्यावर उतरला.