‘गणित सोडू का?’ असं विचारणाऱ्या लेकरांसाठी

लातुरात अकरावी-बारावीची मुलं मला हा प्रश्न सारखा विचारतात. डॉक्टरच व्हायचं असेल तर खुशाल सोडा, नीटला गणित लागत नाही. पण बरीच मुलं भीतीपोटी सोडायला निघतात, त्यांना मी थांबवते.

परळीकडचा एक मुलगा वडिलांसोबत आला. इथे खोली करून राहणारा, दहावीला गणितात उत्तम गुण, इंजिनिअर व्हायची इच्छा. “मॅडम, ट्रिग्नोमेट्री डोक्यात शिरनाच गेलीय. माझं गणितच गेलं.” वडील म्हणाले, “लेकरू रातरात बसतंय, धड जेवत बी नाही.”

अडलेलं एकच उदाहरण दाखव, म्हटलं. त्यानं लिहिलं: २ साइन²थीटा + ५ कॉसथीटा − ४ = ०. साइन आणि कॉस एकत्र दिसले की त्याचा हात थांबायचा. साइन²च्या जागी १ − कॉस² घाल, म्हटलं. चिन्हं बदलून आलं, २ कॉस² − ५ कॉस + २ = ०. आता कॉसथीटाला क्ष म्हण. २क्ष² − ५क्ष + २ पाहताच त्यानं उणे ४ आणि उणे १ अशी फोड केली, (२क्ष − १)(क्ष − २) असे अवयव पाडले. दहावीचं वर्गसमीकरण त्याला पक्कं येत होतं!

क्ष = २ त्यानं स्वतःच खोडलं, कारण कॉसची किंमत १ च्या वर जात नाही. उरलं १/२. उत्तर लिहिलं ६०°. आणि ३००°? तिथे तो गप्प झाला. कॉस चौथ्या चरणातही धन असतो, हे त्याच्या लक्षातून निसटायचं. म्हणजे अडत होतं दोनच ठिकाणी, आणि त्यापायी पोरगं सगळं गणित सोडायला निघालं होतं. याचं मला फार वाईट वाटतं.

त्या दोन शंका कागदावर लिहून त्याला क्लासच्या सरांकडे पाठवलं. वडिलांना सांगितलं, विषयाचा निर्णय हा धडा संपल्यावर घ्या, तोवर रात्री अकराला वही बंद. जेवण-झोप आठवडेच्या आठवडे बिघडलेली असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.

पुढे तो पुन्हा आला. गणित ठेवलंय, जेवतोय. जनरल सोल्युशन, म्हणजे सगळी उत्तरं एकाच सूत्रात लिहिणं, अजून जड जातंय म्हणाला, त्यासाठी सरांकडे बसतोय.